मरणाच्या दारात सांत्वन: काय वाचावं, काय बोलावं, कुठे थांबावं

शिदोरी
आजारपणात, संकटात आणि विशेषतः शेवटच्या दिवसांत ख्रिस्ती विश्वासाचा प्रत्यक्ष आधार कसा होतो, यासाठी हा धागा. आपबीतीसाठी दुसरे धागे आहेत. इथे नेमकं लिहा: कोणता उतारा, किती वेळ, कोणी वाचायचा, काय बिघडतं आणि का. कॅथलिक, प्रॉटेस्टंट, ऑर्थोडॉक्स, सगळ्यांच्या रीती चालतील. 'खरी मंडळी कुणाची' हा वाद मात्र दाराबाहेर ठेवा.

सुरुवात मीच करते. भेटीला जाणारे बहुतेकजण सवयीने बायबलमधलं स्तोत्र २३ उघडतात. चांगलंच आहे, पण ते घाईघाईत उरकलं जातं. अवघी सहा वचनं. भरभर वाचली तर मिनिटभरही लागत नाही. त्यातली एक गोष्ट वाचणाऱ्याने आधी हेरून ठेवावी. पहिल्या तीन वचनांत मेंढपाळाचा उल्लेख 'तो' असा आहे: तो मला नेतो, तो माझा जीव ताजातवाना करतो. चौथ्या वचनात मृत्युच्छायेची दरी येते आणि तिथेच 'तो'चा 'तू' होतो: 'कारण तू माझ्याबरोबर आहेस'. देवाविषयी बोलणारा माणूस दरीत शिरल्यावर देवाशी बोलू लागतो. म्हणून चौथ्या वचनानंतर थांबा, दोन-तीन श्वास जाऊ द्या. पुढच्या वचनातली मेजवानी त्या दिवशी राहिली तरी चालेल.

आणि माणूस चिडलेला असेल तर २३ उघडूच नका. त्या दिवशी ते त्याला तोंड बंद करायला लावल्यासारखं वाटतं. मग काय उघडायचं, ते जाणकारांनी सांगावं.

जुना_करार
चिडलेल्या माणसासाठी स्तोत्र १३. तेही सहाच वचनांचं, आणि त्याचे तीन भाग अगदी स्वच्छ दिसतात. वचन १-२ तक्रार ('कोठवर?' हा प्रश्न चार वेळा येतो), ३-४ मागणी, ५-६ भरवसा. वापरायची रीत अशी:

पहिल्या भेटीत फक्त १-२ वाचा. मग विचारा, "तुमचं 'कोठवर' कशाबद्दल आहे?" उत्तर येईल ते येईल, रात्रीच्या वेदनेबद्दल असेल, औषधाच्या खर्चाबद्दल असेल, न येणाऱ्या मुलाबद्दल असेल. ते ऐकून घ्या, दुरुस्त करायला जाऊ नका. दुसऱ्या भेटीत ३-४. तिथे मागणी करायची असते आणि ती ठोस असावी: आज रात्री चार तास झोप लागू दे, उद्याची तपासणी सोसवू दे. ५-६ हा भाग आजाऱ्याने स्वतः मागितला तरच.

चूक होते ती इथेच. वाचणारा स्वतःच अस्वस्थ झालेला असतो, म्हणून एका दमात पाचव्या वचनावर उडी मारतो. स्तोत्र लिहिणाऱ्याला जे चार वचनांच्या रडण्यानंतर सुचलं, ते आजाऱ्याकडून अर्ध्या मिनिटात मागितलं जातं.

काही दिवस असे असतात की भरवशाची ओळ नकोच वाटते. त्यांच्यासाठी स्तोत्र ८८ आहे. ते शेवटपर्यंत वळतच नाही, अंधारातच संपतं. बाकी विलापस्तोत्रं कुठेतरी उजेडाकडे कलतात, हे नाही. तरीही ते पवित्र शास्त्रात ठेवलेलं आहे. 'आज मला काहीच वाटत नाही' म्हणणाऱ्याला याचा मोठा दिलासा असतो, कारण त्याच्या त्या अवस्थेलाही प्रार्थनेत जागा मिळते.

विलापगीत या जुन्या करारातल्या पुस्तकाबद्दल थोडं. पाच अध्यायांपैकी पहिले चार हिब्रू वर्णमालेच्या क्रमाने रचलेले आहेत. अक्षरं २२, म्हणून पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या अध्यायात २२ वचनं. तिसऱ्यात प्रत्येक अक्षराला तीन, म्हणून ६६. दुःखाला काठ नसतो, पण ते मांडायला या कवीने काठ घालून घेतला. परमेश्वराची दया रोज सकाळी नवी होते हे प्रसिद्ध वचन (३:२२-२३) तिसऱ्या अध्यायात मध्याच्या थोडं अलीकडे आहे, पुस्तकाच्या शेवटी नाही. पाचवा अध्याय प्रश्नार्थकच संपतो. भिंतीवर टांगायच्या तक्त्यावर आपण मधलं तेवढं उचलतो.

उंबरठा
पण देवाकडे तक्रार करणं हा अविश्वास नाही का? घरातली मोठी माणसं आजाऱ्याला लगेच गप्प करतात, "असं बोलू नये, पाप लागतं" म्हणून.

जुना_करार
@उंबरठा, ईयोब ४२:७ त्यांच्यासमोर ठेवा. पुस्तकभर सर्वस्व गमावलेला ईयोब देवाशी भांडतो आणि त्याचे मित्र देवाची बाजू घेतात. शेवटी देव त्या मित्रांना सांगतो की तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. मित्रांचं एकच वागणं निर्दोष ठरतं: २:१३ मध्ये ते सात दिवस-सात रात्री त्याच्यासोबत जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. तोंड उघडलं आणि बिघडलं!

शिवाय वधस्तंभावर येशूने उच्चारलेलं "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" (मार्क १५:३४) हे स्तोत्र २२ चं पहिलं वचन आहे. मोठ्या माणसांनी कुणाला गप्प करण्याआधी याचा विचार करावा.

रात्रपाळी
शुश्रूषेच्या बाजूने लिहिते. वचन कितीही सुंदर असलं तरी ते थकलेल्या शरीरात पोचायचं असतं.

डोक्याच्या पातळीला, ज्या कानाने बरं ऐकू येतं त्या बाजूला बसा. उभं राहून वाचू नका. श्रवणयंत्र असेल तर ते लावलेलं आणि चालू आहे ना, हे आधी बघा. आवाज नेहमीचा ठेवा. कुजबुज ऐकू येत नाही आणि ती भीतिदायकही वाटते. एका वेळी एकच वाचणारा. तीन ते पाच मिनिटं पुरतात. शेवटच्या दिवसांत एकच वचन, तेही दोनदा. आपला हात त्यांच्या हाताखाली ठेवा, वर नको. वर ठेवला तर त्यांना तो सोडवून घेता येत नाही, आणि कमजोर माणसाला त्याचं ओझंही होतं.

प्रतिसाद थांबला तरी ऐकू येतंय असं धरूनच वागायचं. खोलीत वारसाहक्काची बोलणी नकोत, आणि "आता काही खरं नाही" हेही नको.

शेवटाकडे श्वासाची लय बदलते. भराभर श्वास, मग थांबा, कधी अर्ध्या मिनिटाचाही, मग पुन्हा सुरू. घरचे घाबरतात, प्रार्थना अर्धवट सोडून धावपळ होते. हे आधीच सांगून ठेवावं. घशातली घरघर ऐकवत नाही, पण बेशुद्धीच्या जवळ असलेल्या माणसाला तिचा त्रास सहसा जाणवत नाही. कुशीवर वळवल्याने बऱ्याचदा कमी होते.

खाणंपिणं सुटणं हा मरणाच्या प्रक्रियेचाच भाग आहे. "उपाशी मारतोय आपण" असं वाटून घास कोंबला तर तो श्वासनलिकेत जातो. ओठ आणि तोंड ओल्या बोळ्याने पुसत राहणं, हीच त्या वेळची सेवा.

आता एक गोष्ट, जिच्यामुळे पुष्कळ घरं उगाच खचतात. आयुष्यभर भक्तिमान असलेला माणूस शेवटी ओरडतो, शिव्या देतो, क्रूस ढकलतो, "मला सोडा" म्हणतो. हा बहुतेक वेळा भ्रम असतो, विश्वास गेल्याची खूण नसते. लघवी तुंबणं, बद्धकोष्ठ, वेदना, ताप, एखादं औषध, अशी कारणं असू शकतात आणि त्यातली काही दूर करता येतात. आधी डॉक्टर किंवा नर्सला बोलवा. 'सैतानाशी झुंज चाललीय' असा अर्थ लावून मोठ्याने धमकावणारी प्रार्थना सुरू केली तर भ्रमातला माणूस आणखी बिथरतो.

आणि हात जोडून सांगते, ऑक्सिजन चालू असेल तर त्या खोलीत मेणबत्ती, धूप, उदबत्ती काहीही पेटवू नका. बॅटरीवरचा दिवा ठेवा.

घंटानाद
कॅथलिक बाजू. आजाऱ्याला तेल लावण्याचा संस्कार 'मरणाचा' आहे, ही समजूत अजून घट्ट आहे. त्यामुळे फादरांना बोलवायला इतका उशीर होतो की आजारी बेशुद्ध असतो, पापनिवेदन करता येत नाही, ख्रिस्तप्रसाद (मिस्सात पवित्र केलेली भाकर) गिळता येत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने) १९६३ मध्येच स्पष्ट केलं की हा संस्कार केवळ अगदी मरणोन्मुखांसाठी नाही. आजारामुळे किंवा वार्धक्यामुळे जिवाला धोका निर्माण होऊ लागला की हीच त्याची योग्य वेळ. १९७२ मध्ये पोप पॉल सहावे यांनी विधी सुधारला. आता कपाळाला आणि हातांना तेल लावतात. अगदीच निकड असेल तर फक्त कपाळाला. तेल ऑलिव्हचं, ते मिळत नसेल तर दुसरं वनस्पतीचं. आजार बळावला, किंवा बरं होऊन पुन्हा गंभीर झाला, तर संस्कार पुन्हा घेता येतो. 'एकदा झालाय, आता कशाला' असं नसतं.

शेवटच्या वेळचा क्रम लक्षात ठेवा: पापनिवेदन, तेल, मग ख्रिस्तप्रसाद. मरणोन्मुखाच्या या प्रसादाला लॅटिनमध्ये 'व्हियाटिकम' म्हणतात, त्याचा अर्थ प्रवासाची शिदोरी. (धागाकर्तीचं नाव त्यावरूनच असावं!) कॅथलिक शिकवणीत खरा 'शेवटचा' संस्कार हा, तेलाचा नव्हे. इ. स. ३२५ च्या निकिया इथल्या बिशपांच्या परिषदेचा तेरावा नियम मरणाऱ्याला ही शिदोरी नाकारू नका असं सांगतो, म्हणजे तेव्हाच ती 'जुनी' रीत होती.

काही व्यावहारिक बाबी. तेलाचा संस्कार फक्त धर्मगुरू किंवा बिशप देऊ शकतात. ख्रिस्तप्रसाद मात्र नेमलेले प्रापंचिक सेवकही आणू शकतात, त्यामुळे फादर यायला वेळ लागणार असेल तरी तेवढं अडत नाही. प्रसादाआधीचा एक तासाचा उपवास आजारी, वृद्ध आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना लागू नाही. गिळायला त्रास असेल तर अगदी लहान कण द्यावा, तेही जमत नसेल तर द्राक्षारसाचे थेंब. यासाठी आधी सांगून ठेवावं लागतं, ऐनवेळी ते सोबत नसतं. मृत्यू नक्की झाला असेल तर तेल लावत नाहीत, मृतासाठी प्रार्थना करतात. झालाय की नाही याची शंका असेल तर लावतात.

रात्रपाळी
@घंटानाद, एक भर. ऑक्सिजनची नळी किंवा मास्क असेल तर तेल कपाळावर अगदी बोटभर, नाकातोंडापासून लांब. उरलेलं पुसून घ्या. ऑक्सिजनजवळ तेलकट पदार्थ धोक्याचे. आणि प्रसाद देण्याआधी गिळता येतंय का हे नर्सला विचारा. जीभ कोरडी असेल तर आधी ओली करा. ठसका लागला की लगेच थांबा.

वेलांटी
प्रॉटेस्टंट घरांत प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) घेता आलं नाही तर रुखरुख राहते. अँग्लिकन प्रार्थनापुस्तकात (१६६२) आजाऱ्याच्या प्रभुभोजनाच्या विधीखाली यावर सूचनाच आहे: आजारपणामुळे किंवा दुसऱ्या रास्त कारणाने तोंडाने घेता आलं नाही, तरी माणूस मनापासून पश्चात्ताप करतो, ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला यावर विश्वास ठेवतो आणि आभार मानतो, तर तो ते आत्म्याने घेतच असतो. पाळकसाहेबांनी हे घरच्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवावं. नुसतं "काही हरकत नाही" म्हटल्याने रुखरुख जात नाही.

रिफॉर्म्ड (कॅल्व्हिनच्या वळणाच्या प्रॉटेस्टंट) परंपरेत हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी (१५६३) आहे. एकूण १२९ प्रश्न, ५२ रविवारांत विभागलेले. पहिलाच प्रश्न: जगताना आणि मरताना तुझं एकमेव सांत्वन काय? उत्तर लांब आहे, पण त्याचा गाभा एवढाच की मी माझा स्वतःचा नाही; देहाने आणि आत्म्याने, जगताना आणि मरताना, मी माझ्या विश्वासू तारणाऱ्याचा, येशू ख्रिस्ताचा आहे. मरणशय्येवर प्रश्न एकाने विचारायचा, उत्तर सगळ्यांनी द्यायचं. आजाऱ्याला बोलता येत नसेल तर त्याच्या वतीने.

याकोब ५:१४ बद्दल एवढंच: तिथे प्रार्थनेसाठी आजाऱ्यानेच मंडळीच्या वडीलजनांना बोलवायचं आहे. न कळवता 'कुणी फिरकलं नाही' म्हणून रुसण्यात अर्थ नाही.

सहज_वाचक
उत्तम धागा. माझ्याकडून स्तोत्र ९१. 'तुझ्यावर अरिष्ट येणार नाही' हे रोज वाचलं की धीर येतो.

जुना_करार
@सहज_वाचक, धीर येतो हे खरं, पण गंभीर निदान झालेल्याला ते जपून द्यावं. मत्तय ४:६ मध्ये हेच स्तोत्र सैतान येशूला ऐकवतो: मंदिराच्या टोकावरून उडी टाक, देवदूत झेलतील. शब्द शास्त्रातलेच, वापर हमीपत्रासारखा. हमी म्हणून वाचलं आणि गाठ वाढली, की माणूस हिशेब मांडू लागतो: कुठे कमी पडलो? त्यापेक्षा १२१ किंवा १३० द्या. १३० तर थेट खोल स्थानांतून हाक मारत सुरू होतं.

कडू_औषध
'कुठे कमी पडलो' वरून. आजाऱ्याला सर्वांत जास्त इजा कोणत्या वाक्याने होत असेल तर "विश्वास कमी पडला, नाहीतर बरे झाला असता" या. खोडून काढायला चार जागा लक्षात ठेवा. प्रेषित पौलाने शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनवलं; काटा राहिला आणि कृपा पुरे आहे असं उत्तर मिळालं (२ करिंथ १२:७-९). आपला सोबती त्रफिम याला पौल मिलेतात आजारीच सोडून गेला (२ तीमथ्य ४:२०). तीमथ्याला वारंवार होणाऱ्या दुखण्यांवर थोडा द्राक्षारस घे असं लिहिलं (१ तीमथ्य ५:२३). पौलाचा सहकारी एपफ्रदीत मरता मरता वाचला (फिलिप्पै २:२७). या चौघांत विश्वासाने कच्चा कोण?

दुसरं वाक्य: "देव सोसवेल तेवढंच देतो." १ करिंथ १०:१३ मधून हे काढतात, तिथे विषय परीक्षेचा, मोहाचा आहे. दुःखाबद्दल पौल उलटच सांगतो: आमच्यावर शक्तीपलीकडे भार पडला, जगण्याचीही आशा सुटली (२ करिंथ १:८). त्याच अध्यायात वचन ३ ते ७ या पाच वचनांत मूळ ग्रीकमध्ये सांत्वनाचा शब्द नाम-क्रियापद मिळून दहा वेळा येतो. शक्ती संपलेल्या माणसानेच सांत्वनावर इतकं लिहिलंय.

तिसरं, रोम ८:२८. सगळं मिळून कल्याणच होतं, हे खरं मानणाऱ्यानेही अंत्यविधीच्या दिवशी ते बोलू नये. त्याच्या दोनच वचनं आधी, ८:२६ मध्ये, काय मागावं हेही कळत नाही तेव्हा आत्मा अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो असं आहे. ते चालेल.

उंबरठा
मॉर्फिनबद्दल कुणी सांगेल का? येशूने वधस्तंभावर गंधरसमिश्रित द्राक्षारस नाकारला, म्हणून गुंगीचं औषध घेऊ नये, वेदना अर्पण करावी, असं काहीजण म्हणतात.

घंटानाद
नाकारला ते मार्क १५:२३ मध्ये. पण मरणाच्या क्षणी दिलेली आंब (आंबट द्राक्षारस) त्याने घेतली (योहान १९:२९-३०). एका घटनेवरून सर्वांसाठी नियम काढता येत नाही. नीतिसूत्रे ३१:६ तर मरणाला टेकलेल्याला मद्य द्या म्हणते.

कॅथलिक शिकवण स्पष्ट आहे. पोप पायस बारावे यांनी १९५७ मध्ये भूलतज्ज्ञांसमोर बोलताना वेदनाशामकं योग्य ठरवली, त्यामुळे आयुष्य थोडं कमी होण्याची शक्यता असली तरी, अट एवढीच की हेतू मारण्याचा नसावा. तेच पुढे कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाच्या परिच्छेद २२७९ मध्ये आलं. परिच्छेद २२७८ सांगतो की अतिक्लेशदायक किंवा फळाच्या मानाने अवाजवी उपचार थांबवणं म्हणजे मारणं नव्हे. स्वतःची वेदना अर्पण करणं हा आजाऱ्याचा स्वतःचा निर्णय. दुसऱ्याची वेदना आपण अर्पण करायची नसते.

रात्रपाळी
बरोबर. आणि नीट ठरवलेल्या मात्रेने माणूस उलट प्रार्थना करण्याइतका शांत होतो. पापनिवेदन, निरोप, महत्त्वाचं बोलणं असेल तर नर्सला विचारून दिवसातला सर्वांत शुद्धीचा तास निवडा. मात्रा आपल्या मनाने पुढे ढकलू नका. वेदना एकदा उसळली की आवरायला जास्त औषध लागतं.

तिसरा_प्रहर
थोडा इतिहास, पण कामाचा. पंधराव्या शतकात युरोपात 'नीट मरण्याची कला' शिकवणाऱ्या पुस्तिका निघाल्या. मागच्याच शतकात १३४७ नंतरच्या काळ्या मृत्यूने (प्लेगच्या साथीने) असंख्य धर्मगुरूही नेले होते. मरणाऱ्याजवळ कोण असेल याची खात्री उरली नव्हती. शेजाऱ्यालाही वापरता यावी अशी ही पुस्तिका. चित्रांच्या आवृत्तीत ११ चित्रं: पाच मोहांची, पाच त्यांवरच्या उपायांची, एक शेवटच्या श्वासाचं. मोह असे: अविश्वास, निराशा, अधीरता, आध्यात्मिक गर्व आणि माणसांत-मालमत्तेत अडकलेला जीव.

खाटेजवळ ही यादी आजही चालते, फक्त निदान नीट करा. "माझी पापं फार मोठी आहेत" ही निराशा. तिथे येशूशेजारी वधस्तंभावर असलेला चोर, ज्याला त्याने शेवटच्या घटकेला स्वर्गाचं वचन दिलं (लूक २३:४३). "लवकर सुटका का होत नाही" ही अधीरता. तिथे उपदेश नको, आधी वेदना तपासा. "घराचं काय होणार" याला वचन नको, मृत्युपत्र हवं. प्रॉटेस्टंट सुधारणेचा प्रवर्तक मार्टिन ल्यूथर याने १५१९ मध्ये मरणाच्या तयारीवर लिहिताना पहिली सूचना हीच केली: मागे भांडण राहणार नाही अशी संपत्तीची व्यवस्था लावा. दुसरी, ज्यांना दुखावलं त्यांची क्षमा मागा, ज्यांनी दुखावलं त्यांना क्षमा करा. मगच देवाकडे तोंड. मरणाला त्याने जन्माची उपमा दिली: बाळ अरुंद जागेतून, धोक्यातून मोठ्या जगात येतं, तसं.

वेलांटी
मरणानंतरच्या पहिल्या तासासाठी योहान ११ बघा. मेलेल्या लाजराच्या बहिणी मार्था आणि मरिया दोघी येशूला एकच वाक्य म्हणतात: आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता (वचन २१ आणि ३२). मार्थेशी तो पुनरुत्थानाबद्दल बोलतो. मरियेसमोर रडतो. वाक्य तेच असूनही उत्तर वेगळं, म्हणून आधी समोर कोण आहे ते बघा. आणि लाजराला उठवणार हे माहीत असूनही तो रडला. तेव्हा "तो प्रभूकडे गेला, रडू नका" हे ख्रिस्ती बोलणं नव्हे. १ थेस्सल ४:१३ आशा नसलेल्यांसारखा खेद करू नका म्हणतं. खेदच करू नका असं म्हणत नाही.

नंतरच्या आठवड्यांत माणूस जेवत नसेल, झोपत नसेल, मरणाचं बोलत असेल, तर १ राजे १९ आठवा. संदेष्टा एलीयाने मरण मागितलं; देवदूताने त्याला दोनदा उठवून भाकर आणि पाणी दिलं, मधे झोपू दिलं. देवाचा प्रश्न त्यानंतर. जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलणं आलं तर एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. नुसत्या प्रार्थनेवर भागवू नका.

उंबरठा
शेवटची शंका. स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी काय करावं? वचन वाचलं तर लक्ष लागत नाही, चुळबुळ करतात.

शिदोरी
@उंबरठा, नवीन काही वाचू नका. लहानपणी पाठ केलेलं बरंच उशिरापर्यंत टिकतं, आणि चालीवरचं त्याहून जास्त. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' संथपणे सुरू करा आणि ओळीच्या मध्येच थांबा. पुढचे शब्द अनेकदा त्यांच्याकडून येतात. जुन्याच भाषांतरातले शब्द वापरा. नव्या, सोप्या केलेल्या शब्दांना ते अडखळतात. ऑर्थोडॉक्स परंपरेतली येशू-प्रार्थनाही छान बसते: श्वास घेताना 'प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा', सोडताना 'मज पाप्यावर दया कर'. मात्र आपण त्यांच्या श्वासामागे जायचं, त्यांना आपल्यामागे ओढायचं नाही. चुळबुळ वाढली तर बंद करा, हात धरून बसा. दुपारी नाही जमलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी बघा.